बोटॉक्स की फिलर? माझं कामच भुवयांवर चालतं, म्हणून विचारते आहे

हातवारे (मूळ प्रश्न)

वय ४६. गेली २१ वर्षं सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करते. वर्गात, दवाखान्यात, कोर्टात, जिथे बोलावतील तिथे जाते. समोरच्याचं बोलणं कानाने घ्यायचं आणि हातांनी, चेहऱ्याने कर्णबधिर माणसापर्यंत पोचवायचं. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे.

माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा आहेत. डावी खोल, उजवी जरा आखूड. पाच-सहा वर्षांपूर्वी आठ्या घातल्या तरच त्या दिसायच्या. आता सकाळी उठल्या उठल्या, चेहरा अगदी सैल असतानाही डावी दिसते. गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "तुम्ही माझ्यावर चिडलात का?" मी चिडले नव्हते. शिक्षक जे शिकवत होते तेवढंच मी सांगत होते. पण तिने माझा चेहरा वाचला आणि त्यात तिला राग दिसला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलानेही हेच विचारलं. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ आरशासमोर बसून राहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे नाकपुडीच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी. उजवीकडे जास्त. वर्षभरात नऊ किलो वजन उतरवलं, त्यानंतर गाल बसले आणि ही घडी एकदम उठून दिसायला लागली.

चौकशीला एका ठिकाणी जाऊन आले. दहा मिनिटांत सगळं ठरवून टाकलं होतं त्यांनी: कपाळ, भुवयांच्या मधे आणि डोळ्यांच्या कडांना बोटॉक्स, खाली दोन सिरिंज फिलर, सगळं एकाच बैठकीत. मी विचारलं, दोन्हींत फरक काय? उत्तर मिळालं, "दोन्ही सुरकुत्यांसाठीच असतात." आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

आता माझे प्रश्न. हे दोन प्रकार एकमेकांना पर्याय आहेत का? मला परवडेल आणि पटेल ते एक निवडायचं, असं आहे का? आणि मुख्य म्हणजे, सांकेतिक भाषेत भुवया म्हणजे नुसता भाव नसतो, ते व्याकरण असतं. कितीतरी सांकेतिक भाषांत "तू येणार" आणि "तू येणार?" यांत हातांची खूण तीच राहते, भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो. काही भाषांत "का, कुठे, कोण" विचारताना भुवया आत ओढतात. माझ्या भुवया हलल्या नाहीत तर मी अर्धं वाक्य गिळल्यासारखं होईल. ज्यांना माहिती आहे किंवा ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया नीट सांगा.

चर्मचक्षू

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, ही दोन्ही कामं रोज करतो. ताई, सही न करता उठलात हे फार बरं केलंत.

"दोन्ही सुरकुत्यांसाठीच असतात" हे उत्तर ऐकून मला खरंच वाईट वाटलं. डोकेदुखीची गोळी आणि चष्मा, दोन्हींनी डोकं दुखायचं थांबू शकतं. पण कुणाला काय द्यायचं ते डोकं का दुखतंय यावर ठरतं ना? तसंच हे आहे.

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव, पण सगळेच आता तसं म्हणतात. औषध आहे बोटुलिनम टॉक्सिन, प्रकार अ. स्नायू आकसायचा असेल तर मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडावं लागतं. हे औषध त्या टोकात शिरून ते बाहेर पडणंच थांबवतं. निरोप पोचत नाही, स्नायू सैल पडतो, त्याच्यावरची कातडी दुमडायची थांबते. सुई दिल्यावर लगेच काहीच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी फरक जाणवायला लागतो, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी, आणि साधारण तीन ते चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा कामाला लागतो. कातडीखाली यात काहीही भरलं जात नाही.

फिलर म्हणजे भर. सर्वांत जास्त वापरलं जातं ते हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं जेल. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली तो गायीच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळा काढला. कातडीतला नैसर्गिक हायल्युरोनिक अ‍ॅसिड शरीर एक-दोन दिवसांत मोडून टाकतं, म्हणून फिलरमध्ये त्याचे धागे एकमेकांना रासायनिक टाक्यांनी बांधलेले असतात. ते जेल जागेप्रमाणे सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. जिथे खळगा पडलाय, जिथली चरबी उतरलीय, तिथे ते उचल देतं. स्नायूवर त्याचा काही परिणाम नाही. परिणाम लागलीच दिसतो, मात्र पहिले काही दिवस त्यात सूजही मिसळलेली असते, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या आरशावर विश्वास ठेवू नये.

घरच्या घरी एक परीक्षा करा. आरशासमोर चेहरा पूर्ण सैल सोडा, मग मुद्दाम आठ्या घाला. हलवल्यावरच उमटते ती रेघ स्नायूची, तिथे टॉक्सिन कामाला येतं. चेहरा सैल असतानाही दिसते ती रेघ कातडीत कोरली गेलेली असते, ती टॉक्सिनने कमी होईल पण एका खेपेत पुसली जाईलच असं नाही. आता हातातला आरसा घेऊन पाठीवर आडव्या व्हा. नाकाशेजारची घडी आडवं झाल्यावर हलकी झाली तर ती मुख्यतः गाल खाली उतरल्यामुळे आहे. तिथे स्नायू झोपवून काही मिळणार नाही, उलट हसू वाकडं व्हायचं. तुमचं वजन उतरल्यानंतर ती उठून दिसायला लागली, यावरूनच मला वाटतं की तो फिलरचा प्रांत आहे. आणि तेही कित्येकदा थेट घडीत भरण्यापेक्षा गालाला वरून आधार दिला तर घडी आपोआप उथळ होते.

भुवयांच्या मधे मात्र माझा एक ठाम आग्रह आहे. ती खोल रेघ फिलरने भरून देतो असं कुणी म्हणालं, तर दोनदा नाही, दहादा विचार करा. तिथल्या बारीक धमन्या आतून डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ते उलट दिशेने ढकललं जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. असं क्वचितच होतं. पण झालं तर गेलेली नजर परत येईल याचा भरवसा देता येत नाही. चेहऱ्यावरच्या सर्वांत धोक्याच्या जागांमध्ये भुवयांमधली जागा आणि नाक ही दोन नावं पहिली घ्यावी लागतात.

भुवयांच्या व्याकरणाबद्दल. भुवया आत ओढणारे स्नायू भुवयांच्या मधल्या भागात असतात. तिथे ठरलेली मात्रा म्हणजे पाच जागी चार-चार, मिळून २० युनिट. भुवया वर उचलणारा स्नायू एकच, तो अख्ख्या कपाळावर पसरलेला. त्याला मदतनीस नाही. तो झोपवला की भुवया उचलणं कमी होतं, आणि जास्त झोपवला तर भुवया खाली येऊन डोळे जड वाटतात. म्हणजे तुमच्या बाबतीत कपाळाला हात लावूच नये. भुवयांच्या मधे कमी मात्रेत देता येतं, आकसणं पूर्ण बंद न होता मंद होतं. पण "मंद" म्हणजे तुमच्या कामाला पुरेल इतकं का, हे मी इथून सांगू शकत नाही. ते तुमच्या समोर बसणारी माणसंच सांगू शकतील.

अजून एक. युनिट कोणत्या औषधाचे ते विचारत जा. एका कंपनीच्या २० युनिटचं काम दुसरीच्या ५० युनिटने होतं, त्यामुळे "आम्ही जास्त युनिट देतो" याला काही अर्थ नाही. आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा अंगावर पाजत असाल तर टॉक्सिन नको.

जाता जाता: तुमचा चष्मा शेवटचा कधी तपासला? ४६ व्या वर्षी दिवसभर आठ्या घालणाऱ्या माणसाला मी हे आधी विचारतो.

वैशाली_क

मला फक्त फिलरबद्दल सांगायचंय आणि ते नीट वाचा.

तीन वर्षांपूर्वी मी नाकाशेजारच्या घड्यांत फिलर करून घेतलं. डावी बाजू झाली, काही वाटलं नाही. उजव्या बाजूला सुई आत असतानाच नाकपुडीकडे जोरात कळ गेली, आणि समोरच्या बाई म्हणाल्या, "थोडं दुखतंच." मी आरसा मागितला. घडीजवळचा पट्टा पांढराफटक पडला होता. त्यांनी तो चोळला, बर्फाची पिशवी दिली, घरी पाठवलं. संध्याकाळपर्यंत नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत जांभळट जाळी उमटली, संगमरवरावर शिरा असतात तशी. फोन केला तर म्हणाल्या, "काळंनिळं पडतंच, दोन दिवसांत जाईल."

माझी नणंद नर्स आहे. तिने त्या जांभळ्या जागेवर बोट दाबून उचललं आणि मोजत राहिली. कातडी पांढरी पडली ती रंग परत यायलाच तयार नव्हती. डाव्या गालावर तेच केलं तर क्षणात लाली आली. ती म्हणाली, "हे काळंनिळं नाही, इथे रक्तच पोचत नाहीये." रात्री साडेनऊला आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हायल्युरोनिडेझची इंजेक्शनं दिली. हे हायल्युरोनिक अ‍ॅसिड विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम. एकदा दिलं, तासाभराने बोट दाबून पाहिलं, पुन्हा दिलं, असं मध्यरात्रीपर्यंत चाललं. बर्फ काढून टाकायला लावला आणि गरम शेक द्यायला सांगितला, कारण थंडीने वाहिन्या अजून आकसतात. तिसऱ्यांदा दिल्यावर लाली आली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आज नाकपुडीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा वण आहे. तो मला कायम दिसतो, दुसऱ्यांना दाखवावा लागतो.

अपघात कुणाच्याही हातून होऊ शकतो हे मला त्या दुसऱ्या डॉक्टरांनीच समजावलं. माझा राग त्या सुईवर नाही. माझा राग "दोन दिवसांत जाईल" यावर आहे. जिने सुई धरली तिला पांढरी कातडी म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि तिच्याकडे ते विकर ठेवलेलंही नव्हतं. म्हणून ताई, कुठेही जाल तिथे पहिला प्रश्न हा विचारा: "हायल्युरोनिडेझ आत्ता, या खोलीत आहे का? मला दाखवा." दाखवायला टाळाटाळ झाली तर निघून या. नजर धूसर झाली तर मिनिटंही घालवायची नाहीत; तसं झालं तर काय करणार, कुणाला फोन करणार, हे त्यांच्याकडून आधीच ऐकून घ्या.

आणि हो, कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइटचे आणि पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचेही फिलर असतात. ते या विकराने विरघळत नाहीत. पहिल्यांदाच करत असाल तर विरघळवता येईल असंच घ्या, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

पापणी

मी ५८ वर्षांचा पुरुष. सौंदर्याशी माझा संबंध नाही, पण त्या बाटलीशी आहे. मला ब्लेफरोस्पॅझम आहे, म्हणजे पापण्या माझ्या मर्जीविरुद्ध गच्च मिटतात. रस्ता ओलांडताना डोळे मिटले की उघडायचेच नाहीत. गेली सात वर्षं दर तीन महिन्यांनी डोळ्यांभोवती टॉक्सिन घेतो आणि त्यावर माझी नोकरी टिकली.

हे इथे अशासाठी सांगतोय की लोकांना वाटतं हे सुरकुत्यांचं औषध आहे, नंतर आजारांना वापरायला लागले. झालं बरोबर उलटं. अ‍ॅलन स्कॉट नावाचे नेत्रतज्ज्ञ तिरळेपणावर याचा उपयोग शोधत होते. अमेरिकेत १९८९ साली ते तिरळेपणा आणि माझ्या या आजारासाठी मंजूर झालं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जीन करुदर्स या नेत्रतज्ज्ञ माझ्यासारख्याच रुग्णांना ते देत होत्या. त्यांच्या एका रुग्णबाईंनी भुवयांच्या मधेही सुई द्या म्हणून हट्ट धरला, कारण तिथे दिलं की चेहरा शांत, निवांत दिसतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. जीनबाईंचे यजमान अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून त्यावर काम केलं, १९९२ मध्ये निबंध छापला, आणि आठ्यांसाठी अमेरिकेची मंजुरी आली ती २००२ मध्ये. सगळं सुरू झालं ते एका रुग्णाने आपला चेहरा नीट पाहिला म्हणून. मला ही हकीकत फार आवडते.

आता कामाचं. पहिल्याच वर्षी माझी डावी पापणी अर्धी खाली आली. औषध थोडं सरकलं होतं. तीन आठवडे तशीच होती. डॉक्टरांनी ॲप्राक्लोनिडीनचे थेंब दिले, त्याने पापणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचलली जायची, तेवढ्यावर भागवलं. टॉक्सिनला विरघळवणारं काही नसतं. फिलर चुकलं तर विकर आहे, टॉक्सिन चुकलं तर वाट पाहायची. पण वाट पाहिली की ते जातंच, हेही तितकंच खरं. तुमच्या कामाला कुठली चूक जास्त महागात पडेल त्याचा विचार करा. सुई घेतल्यावर चार तास मी आडवा होत नाही आणि ती जागा चोळत नाही. तीन महिन्यांच्या आत पुन्हा घ्यायचं नाही, हेही मला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. लवकर लवकर घेतलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग औषध लागू पडेनासं होतं. माझ्यासारख्याला ते परवडणारं नाही.

नजर

मी कर्णबधिर आहे, जन्मापासून. मराठी ही माझी लिहायची भाषा, बोलायची भाषा हातांची. हा प्रश्न वाचल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

ताई, तुम्हाला त्या मुलीने विचारलं ते मला समजतं. आम्ही दिवसभर चेहरेच ऐकतो. दुभाष्याच्या कपाळावर कायमची आठी असली की पहिली पाच मिनिटं आमचा गोंधळ होतो. हा राग शिक्षकांचा की दुभाष्याचा? मग सवय होते. तुमच्या आठीची आम्हाला सवय होईल, खरंच होईल. न हलणाऱ्या कपाळाची होत नाही. माझ्या एका बैठकीला एक दुभाषी आल्या होत्या, त्यांचं कपाळ काचेसारखं होतं. त्या हुशार होत्या, हात स्वच्छ होते. पण प्रश्न कुठे संपतो आणि विधान कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. डॉक्टर मला विचारत होते की गोळ्या घेतल्या का, आणि मला वाटलं ते सांगत आहेत की गोळ्या घेतल्या आहेत. मी मान डोलावली. नंतर औषधाची चिठ्ठी वाचताना लक्षात आलं. त्या बाईंचा मला राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नसेल. म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

मध्यंतरी एक गोष्ट वाचली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टॉक्सिन घेतलेल्या बायका आणि फिलर घेतलेल्या बायका यांना डोळ्यांचे फोटो दाखवून भाव ओळखायला सांगितले होते. टॉक्सिनवाल्यांचे भाव थोडे जास्त चुकले. गट छोटे होते, फरकही थोडाच होता. पण कारण जे सुचवलं होतं ते मनात राहिलं: समोरच्याचा चेहरा पाहताना आपला चेहराही नकळत तसा हलतो, आणि त्यातून आपल्याला समोरचा कळतो. दुभाष्याला दोन्ही लागतं, चेहरा बोलायला आणि चेहरा ऐकायला.

गालात काय भरायचं ते भरा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भुवया माझ्यासाठी ठेवा.

हातवारे

दोन महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांचं वाचलं, नजर, तुमचं तर चार-पाच वेळा.

चर्मचक्षू, तुमच्या त्या शेवटच्या ओळीमुळे आधी डोळे तपासून घेतले. चार वर्षं तोच चष्मा वापरत होते. डाव्या डोळ्याला पाऊण नंबरचा सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्य, निघाला आणि जवळचा नंबर सव्वा. वर्गात मी मागच्या बाकांवरच्या मुलांचे हात वाचायला दिवसभर डावा डोळा बारीक करत होते, आणि डावीच रेघ खोल आहे! नवा चष्मा येऊन सहा आठवडे झाले. रेघ आहे तिथेच आहे, ती काही चष्म्याने जायची नाही. पण संध्याकाळी कपाळ ठणकायचं ते थांबलं, आणि "चिडलात का" हा प्रश्न अजून तरी पुन्हा आलेला नाही.

टॉक्सिन मी घेतलं नाही. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी कमी मात्रेचा पर्याय समोर ठेवला होता आणि मी खरंच विचार केला, कारण तीन-चार महिन्यांत जाणारच आहे. मग माझ्या जोडीदार दुभाषीसमोर एक प्रयोग केला. भुवयांच्या मधे चिकटपट्टी घट्ट लावली आणि तिला वीस वाक्यं खुणांनी सांगितली. टॉक्सिन आणि चिकटपट्टी एक नव्हेत, कळतं मला. पण सहा वाक्यांना तिने पुन्हा विचारलं. एखाद्या आईला डॉक्टर तिच्या बाळाबद्दल काही सांगत असताना मी मधे उभी असते. तिथे वीसात सहा म्हणजे फार झाले. तेव्हा तो विषय मी मिटवला. काम सोडीन त्या वर्षी पुन्हा बघेन.

घडीसाठी मात्र फिलर केलं. त्या बाईंनी मला बसवून, आडवं करून, हसवून, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. वैशालीताई, तुमचा प्रश्न मी खुर्चीत बसायच्या आधी विचारला. त्या न बोलता उठल्या, फ्रिज उघडला आणि विकराच्या बाटल्या मला मोजून दाखवल्या, वर तारीखही वाचून दाखवली. मला ओठांवर हर्पीसचे फोड कधी उठले होते का, दातांचं काही काम चालू आहे का, जवळपास लस घ्यायची आहे का, हेही विचारलं. यातलं एकही मला पहिल्या ठिकाणी विचारलं गेलं नव्हतं. सुईऐवजी बोथट टोकाची कॅन्युला वापरली. तिने वाहिनी टोचली जाण्याची शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही, असं त्यांनीच सांगितलं. थोडं गालाच्या हाडावर आधाराला, थोडं घडीत. मधे मधे थांबून बोट दाबून रंग परत येतो का पाहत होत्या. मी मनात मोजत होते.

एक मिलीची सिरिंज होती, ०.८ मध्ये काम झालं. उरलेलं ०.२ ओठांत टाकायचं का, असं मदतनीस मुलीने विचारलं, वाया जाऊ नये म्हणून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं आणि त्यांनी ती सिरिंज माझ्यासमोर टाकून दिली.

पाच दिवस सूज होती, उजवीकडे नखाएवढं काळंनिळं. आता घडी आहे, पण सावली पडत नाही इतकी उथळ.

वैशाली_क

बाटल्या मोजून दाखवल्या हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. पेटीवरचा बॅच नंबरचा स्टिकर घेतलात का? नसेल तर उद्याच जाऊन मागून घ्या. पुढेमागे गाठ आली, सूज आली तर काय भरलं होतं ते पुढच्या डॉक्टरला कळायला हवं. माझ्याकडे तो नव्हता, आणि त्या रात्री पहिला अर्धा तास नेमकं कुठलं जेल होतं ते शोधण्यातच गेला.

हातवारे

घेतलाय. चष्म्याच्या कार्डाच्या मागे चिकटवून ठेवलाय.